साडूंनी दिलेला शब्द

आमच्या साडूंबद्दल खरं ते लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्यांचे किस्से मात्र भरपूर सांगितले. लग्नाच्या पंगतीत, ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीत, एकदा तर दाढ काढायला गेलो असताना दातांच्या डॉक्टरलाही. प्रत्येक वेळी मी एका ठिकाणी येऊन थांबतो, आणि ऐकणारा तोवर हसून दमलेला असल्यामुळे पुढचं विचारत नाही. आता पंचाहत्तरी उलटली. या वेळी थांबायचं नाही असं ठरवून बसलो आहे. सुरुवात नेहमीसारखीच करतो, कारण ती खरी आहे. भांडण दिसलं की कुणी त्यात पडतो, कुणी लांबून बघतो. आमचे साडू खुर्च्या मांडायला धावायचे. अंबरनाथपासून वांगणीपर्यंतच्या पट्ट्यात त्यांच्या हयातीत जेवढी भांडणं मिटली, त्यांतली अर्धी त्यांनी मिटवली आणि उरलेली अर्धी ते येताहेत असं कळल्यामुळे मिटली. बोलणी करणं हा त्यांचा नुसता पेशा नव्हता, ती त्यांची प्रकृती होती. डॉक्टरने गोळी दिवसातून तीनदा घ्या म्हटलं की ते म्हणायचे, "दोनदा घेतो, तुम्ही पथ्य थोडं सैल करा." डॉक्टर कंटाळून मान्य करायचा. मग डॉक्टरला आपण हरलो असं वाटू नये म्हणून हे तिसरी गोळी आपण होऊन घ्यायचे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या थोरल्या, म्हणून माझ्याही ताई. आम्ही दोघे पुरुष एकमेकांना "साडू" अशीच हाक मारायचो, घरात, बाजारात आणि पुढे कारखान्यातही. ज्या काळात आमच्याकडच्या बापांना जावई हवा असायचा तो इंजिनियर, नाहीतर बँकेतला, त्या काळात या गृहस्थांनी चांगले मार्क असूनही कामगार कल्याणाचा कोर्स केला आणि हौसेने लेबर ऑफिसर झाले. त्यांच्या वडिलांनी म्हणे महिनाभर अबोला धरला होता. पण अबोला ही त्यांच्या मते वाटाघाटींची पहिली पायरी असल्यामुळे त्यांना त्यात आनंदच झाला. आमचे सासरे बदलापूरला शाळेत मास्तर होते. मुलगी दाखवायचा कार्यक्रम झाल्यावर त्यांनी विचारलं, "आपण नेमकं करता काय?"

"लेबर ऑफिसर आहे. संप मिटवतो."

"आणि संप नसेल तेव्हा?"

"होऊ नये म्हणून बघतो."

"म्हणजे काही झालं नाही, तर ते तुम्ही केलं असं धरायचं?"

"पहिल्याच बैठकीत हे समजलेले तुम्ही पहिलेच," साडू म्हणाले. सासरे खूश झाले. चाळीस वर्षं वर्गात काही होऊ नये म्हणून बघणं हेच त्यांचंही काम होतं. लग्न ठरलं, आणि साडूंनी सासऱ्यांना सांगितलं की कुठलाही करार तीन वर्षांचा असतो, त्यानंतर दोन्ही बाजूंनी बसून तो पुढे चालवायचा असतो. सासऱ्यांना घाम फुटला. ताईंना मात्र हे फार आवडलं असावं, कारण पुढे दर तीन वर्षांनी लग्नाच्या वाढदिवसाला साडू सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून डायनिंग टेबलाशी बसायचे आणि ताई त्यांना मागणीपत्र द्यायच्या. पहिल्या मागणीपत्रात एकच कलम होतं: ओला टॉवेल पलंगावर टाकू नये. साडूंनी "तत्त्वतः मान्य" असं म्हटलं. ताई सांगायच्या, तत्त्वतः मान्य झालेला टॉवेल पुढची नऊ वर्षं पलंगावरच होता.

बाजारात त्यांना नेणं म्हणजे एक दिवस रद्द करणं. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये मी घर घेतलं तेव्हा सोफा घ्यायला आम्ही फर्निचरच्या बाजारात गेलो. दुकानदार सिंधी, वयस्क, गोड बोलणारा. त्याने एक किंमत सांगितली, मी तिच्या निम्मी सांगितली, इथवर सगळं रीतीला धरून झालं. मग साडू सोफ्यावर बसले.

"साईं, फायनल बोलो," दुकानदार म्हणाला.

"फायनल शब्द पहिल्या दिवशी नको," साडू म्हणाले. "पहले ये बताओ, आपकी अडचण क्या है?"

"मेरी अडचण ये है कि आप आधे घंटे से मेरे सोफे पे बैठे हो।"

साडूंनी ती अडचण वहीत टिपून घेतली आणि बैठक दुसऱ्या दिवसावर ढकलली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानदाराच्या भावाला बोलावून घेतलं, कारण दुकानात त्याचीही भागीदारी होती आणि त्याचं म्हणणं ऐकलं गेलं नव्हतं. त्या दोन भावांचं आपसात जुनं काही होतं, ते बाहेर आलं. तिसऱ्या दिवशी त्या दोघांत समेट झाला, दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि थोरला म्हणाला, "बाबूजी, जो देना है दो, सोफा ले जाओ, लेकिन अब मेरे दुकान में मीटिंग मत करो।" सोफा फार स्वस्तात मिळाला. दुकानाबाहेर आल्यावर साडू मला म्हणाले, "त्याचा चेहरा बघितलात? समोरचा असा खाली मान घालून गेला तर तो करार नव्हे, चोरी आहे." आणि परत आत जाऊन त्यांनी किंमत वाढवून दिली. माझ्या खिशातून.

धाकट्या मेहुण्याच्या लग्नात तर त्यांनी इतिहास घडवला. अंबरनाथच्या कार्यालयात पहिली पंगत बसली, पानं मांडली, आणि वाढपी मंडळी बाहेर जाऊन उभी राहिली. ठेकेदाराने त्यांना आधी जेवू घालतो असं सांगून सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. मुलीचे वडील हात जोडत होते, आमच्याकडचे काका ओरडत होते. साडूंनी कार्यालयाच्या कार्यालयातून चार खुर्च्या आणवल्या आणि वाटाघाटी सुरू केल्या. पाऊण तासाने ते आले आणि शांतपणे म्हणाले, "ठरलं. पहिल्या पंगतीला वाढपी बसणार."

"आणि वाढणार कोण?" काकांनी विचारलं.

"आपण."

काका काही बोलणार, तेवढ्यात साडू म्हणाले, "काका, उपाशी माणसाच्या हातून वाढलेलं वरण पानात पडत नाही, पाहुण्याच्या सदऱ्यावर पडतं." मग वरपक्षाच्या सोवळ्यातल्या काकांनी वाढप्यांना आग्रह करकरून जिलब्या वाढल्या. त्या दिवसापासून आमच्या नात्यात कुठलंही कार्य ठरलं की पत्रिका साडूंना शेवटी जायची.

अंबरनाथच्या एमआयडीसीत पत्र्याची पिंपं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते लेबर ऑफिसर होते. कारखाना आता नाही, तिथे कुणाचंतरी गोदाम आहे, तेव्हा नाव सांगून उपयोग नाही. त्याच कारखान्यात प्रॉडक्शनला मी अर्ज केला. माझी मुलाखत सुरू झाली तेव्हा साडू उठून उभे राहिले आणि जनरल मॅनेजरांना म्हणाले, "हा माझा साडू आहे, म्हणून मी बाहेर जातो. आणि माझा साडू आहे म्हणून घेऊ नका." जनरल मॅनेजरांनी मला एकही प्रश्न न विचारता घेतलं. पुढे एकदा ते म्हणाले, ज्याच्या घरातच हा माणूस आहे त्याला आणखी काय तपासायचं.

हे जनरल मॅनेजर दर पंधरा ऑगस्टच्या भाषणात कामगार हे आमचं कुटुंब आहे असं सांगायचे, आणि वर्षभर ओव्हरटाइमचा विषय निघाला की कुटुंबात कुणी ओव्हरटाइम मागतं का असं विचारायचे. साडूंना दोन्ही वेळा टाळ्या वाजवाव्या लागायच्या. लेबर ऑफिसर म्हणजे दोन्ही घरचा जावई आणि दोन्ही घरी उपाशी, असं ते स्वतःच म्हणत. मॅनेजमेंटला वाटे हा युनियनला फितूर आहे, कामगारांना वाटे हा साहेबांचा हेर आहे. आणि ज्या दिवशी दोघांनाही एकाच वेळी तसं वाटे, त्या दिवशी साडू घरी शिट्टी वाजवत यायचे. काम बरोबर चाललंय याचं त्यांच्याकडे तेवढंच माप होतं.

त्यांचे काही नियम होते, आणि ते त्यांनी कुठल्याही पुस्तकातून घेतले नव्हते. पहिला नियम, मोठ्या मीटिंगच्या आधी गेटबाहेरच्या टपरीवर युनियनच्या सेक्रेटरीबरोबर चहा. करार टेबलावर होतो पण ठरतो टपरीवर, असं त्यांचं म्हणणं. सेक्रेटरी होता वांगणीचा गायकर, घरची भातशेती सांभाळून पेंट शॉपमध्ये काम करणारा, बुटका, अत्यंत तिरसट. चहाचे पैसे एक दिवस साडूंनी द्यायचे, एक दिवस गायकरने; यात कधी चूक झाली नाही. दुसरा नियम, जो बोलतो त्याने लिहायचं नाही. बोलणारा माणूस आपण बोललो त्यापेक्षा चांगलं लिहितो, म्हणून मीटिंगच्या मिनिट्सचं पुस्तक तिसऱ्याच्या हातात हवं. आणि तिसरा नियम, लिहिलेलं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचल्याशिवाय सही नाही. माझं अक्षर वळणदार होतं, मी प्रॉडक्शनचा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच नकोसा. त्यामुळे मिनिट्स लिहायचं काम माझ्याकडे आलं. सात-आठ वर्षं मी ते केलं. साडू एकेक कलम असं वाचून घ्यायचे की गायकर एकदा म्हणाला, "सायेब, आमच्या गावात पोथीपन एवडी वाचत नाय."

इथे मी नेहमी थांबतो.

पेंट शॉपमध्ये नवी भट्टी बसवायची होती. पिंपं रंगवून सुकवण्याची जुनी भट्टी काढायची, नवी लावायची, तीन महिने ते खातं बंद. कायम कामगारांना दुसरीकडे हलवता येत होतं, पण अकरा बदली कामगार होते, कायम माणसांच्या जागी तात्पुरते घेतलेले आणि आठ-आठ, दहा-दहा वर्षं बदलीवरच असलेले, त्यांना घरी बसवायचं ठरलं. गायकर म्हणाला, बसवा, पण भट्टी लागल्यावर ते परत येतील हे सांगा. मीटिंग भरली. जनरल मॅनेजर छताकडे बघत होते. बरंच गोल गोल बोलणं झाल्यावर साडू त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, "साहेब, मी सांगतो. चुकलो तर थांबवा." मग गायकरला म्हणाले, "भट्टी सुरू झाली की अकराच्या अकरा माणसं कामावर परत. हा कंपनीचा शब्द." जनरल मॅनेजरांनी थांबवलं नाही. मान हलवली आणि "हो" म्हणाले. हळू म्हणाले, पण म्हणाले. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसलो होतो.

संध्याकाळी जनरल मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर बसवलं, जे ते कधी करत नसत. म्हणाले, "ते अकरा माणसांचं वाक्य भावनेच्या भरात निघालं. भावना ठीक आहे. मिनिट्समध्ये कशाला?" मग त्यांनी दुसरंच काहीतरी बोलल्यासारखं सांगितलं की प्रॉडक्शन मॅनेजरच्या जागेसाठी माझं नाव त्यांनी वर पाठवलंय. त्यांनी मला काही करायला सांगितलं नाही. इतकं सभ्यपणे कुणी कधी मला विकत घेतलं नव्हतं. मी घरी गेलो, जेवलो, टेबलाशी बसून माझ्या वळणदार अक्षरात मिनिट्सच्या पुस्तकात पक्की प्रत काढली, आणि ते एक वाक्य सोडून दिलं. बाकी सगळं होतं. पंखे दुरुस्तीचंही होतं.

दुसऱ्या दिवशी गायकरला भातकापणीसाठी लवकर निघायचं होतं, म्हणून सह्या टपरीवरच झाल्या. नियमाप्रमाणे मी वाचायला लागणार, तर साडूंनीच हात वर केला. "असू दे. त्याला उशीर होतोय."

"वाचाचा नाय, सायेब?" गायकरने विचारलं.

"वाच की तू. पण माझ्या साडूचं अक्षर आहे."

गायकर हसला. गुडघ्यावर पुस्तक ठेवून त्याने सही केली, खाली साडूंनी केली. उभ्या आयुष्यात साडूंनी हा नियम एकदाच मोडला, तो माझ्या भरवशावर. मी बाजूला उभा राहून चहा पीत होतो.

नव्या भट्टीला माणसं कमी लागतात हे तीन महिन्यांनी कळलं. जनरल मॅनेजरांना ते तीन महिने आधीच कळलं असावं. अकरा जण गेटवर आले आणि त्यांना आत घेतलं नाही. गायकर मिनिट्सचं पुस्तक घेऊन साडूंच्या खोलीत आला, मागे दहा-पंधरा जण. मलाही बोलावलं होतं. साडूंनी पान उघडलं, वरून खाली वाचलं, पुन्हा वाचलं. मग मान वर करून मला विचारलं, "साडू, मी बोललो होतो की नाही?"

शेजारच्या शॉपमधली पिंपं आपटताना ऐकू येत होती. मी म्हणालो, "बोलणं बरंच झालं होतं. नेमकं आठवत नाही."

गायकरने पुस्तक काखेत मारलं. जाताना दारात थांबून म्हणाला, "सायेब, तुमी नाय बोल्ला असता तरी चाललं असतं. आमी भांडलो असतो." संप झाला नाही, दगड पडला नाही. दुसऱ्या दिवशी टपरीवर गायकरने स्वतःचा चहा घेतला, त्याचे पैसे दिले आणि निघून गेला. साडू बाकावर बसून होते. लेबर ऑफिसरकडे पदवी असते, टेबल असतं, फोन असतो, पण त्याच्या हातात खरं एकच असतं, की हा बोलला म्हणजे झालं. ते माझ्या एका वाक्याने संपलं. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. त्याच महिन्यात मला प्रॉडक्शन मॅनेजरची केबिन मिळाली, तिला काचेचं दार होतं. जनरल मॅनेजरांनी निरोपाच्या भाषणात साडूंना आमच्या कुटुंबातला एक ज्येष्ठ सदस्य म्हटलं.

मला ताईंकडून बऱ्याच वर्षांनी कळलं, की राजीनामा दिल्यावर साडू चार महिने स्कूटरवरून अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर पालथं घालत होते. स्वतःसाठी नव्हे. त्या अकरांपैकी सात जणांना त्यांनी ठिकठिकाणी चिकटवून दिलं, आणि आपलं नाव सांगू नका असं त्या त्या मालकांना बजावलं. स्वतःला मात्र त्यांना पुन्हा तशी नोकरी मिळाली नाही. ज्या लेबर ऑफिसरचा शब्द कामगार मानत नाहीत त्याला कोण घेणार. बदलापूरला घरावर त्यांनी "औद्योगिक संबंध सल्लागार" अशी पाटी लावली, आणि सल्ला विचारायला मुख्यतः पत्ता चुकलेले लोक आले.

मला त्यांनी कधीही काही विचारलं नाही. दिवाळीला येत राहिले, माझ्या मुलांची भांडणं खुर्च्या मांडून सोडवत राहिले. एकच बदल झाला. घरात कुठलीही यादी करायची असली, केळवणाची असो की किराण्याची, आणि कुणी सवयीने म्हणालं की अक्षर चांगलं आहे, यांना लिहू द्या, तर साडू मुकाट्याने पेन उचलायचे आणि स्वतः लिहायला लागायचे. बोलणारेही तेच, लिहिणारेही तेच. बाकीच्यांना ती त्यांची लहर वाटायची. मला दर वेळी कानाखाली बसल्यासारखं व्हायचं.

म्हातारपणी बदलापूरच्या त्यांच्या सोसायटीने त्यांना पुन्हा रोजगार दिला, बिनपगारी. तिथल्या वॉचमन लोकांची तक्रार होती की त्यांना बसायला जागा नाही. साडू म्हणाले, अशी तोंडी तक्रार चालत नाही, मागणीपत्र द्या. वॉचमन म्हणाले, साहब, हमें लिखना नहीं आता. तेव्हा साडूंनी स्वतः बसून त्यांच्यासाठी कडक भाषेत मागणीपत्र लिहिलं. ते सोसायटीला मिळालं. कमिटीने घाबरून उत्तर देण्याचं काम साडूंवर सोपवलं. त्यांनी तितक्याच कडक भाषेत सोसायटीचं उत्तर लिहिलं. त्यावर वॉचमन लोकांच्या वतीने त्यांनी जे प्रत्युत्तर दिलं ते इतकं बोचरं होतं की सेक्रेटरीबाईंनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, "ह्या वॉचमनचा बोलविता धनी कोण आहे?" खाली साडूंनी उभ्या अंगठ्याचं चित्र टाकलं. तीन आठवडे साडू स्वतःशी वाटाघाटी करत होते आणि, ताई म्हणायच्या, दोन्ही बाजूंनी झोप उडालेली होती. शेवटी गेटवर छप्पर, खुर्ची आणि पंखा आला. कराराच्या दिवशी त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. वॉचमन हिंदी बोलणारे होते, त्यांना निम्मंच कळलं, पण ते शेवटपर्यंत उभे राहिले.

गेल्या वर्षी ते आजारी पडले. मी ठरवलं, आता सांगायचं. दोनदा बदलापूरला गेलो आणि क्रिकेटवर बोलून परत आलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दुपार होती. साडू पलंगावर उशांना टेकून बसले होते, बरेच वाळले होते, पण दाढी केलेली होती. ताई चहा करायला आत गेल्या. खोलीत आम्ही दोघेच. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हटलं, "साडू, ते भट्टीच्या वेळचं..."

"अहो, त्यावरून आठवलं," ते म्हणाले, "परवा गायकर येऊन गेला."

"वांगणीचा?"

"तोच. नातवाच्या गाडीतून आला होता. फार्महाउसवाल्यांना जमीन विकली म्हणे त्याने थोडी. तांदूळ घेऊन आला होता घरचे." ते थोडा वेळ थांबले, दम लागत होता. "जाताना हात धरला माझा. म्हणाला, सायेब, ते अकरा जणांचं मनात होतं माझ्या इतकी वर्षं. झालं ते झालं. मी माफ केलं तुमाला."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार. थँक्यू म्हटलं."

"पण साडू, तुम्ही तर..."

"अहो, तो एवढ्या लांबून आला होता," साडू म्हणाले. "बरं वाटलं त्याला. जिना उतरताना हसत होता म्हणे, तुमच्या ताई सांगत होत्या." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हिशेब नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "तुम्ही काही म्हणत होतात."

"नाही," मी म्हणालो. "सहज."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. पुढच्याच महिन्यात ते गेले. बाराव्या-तेराव्याला गायकर आला होता. सगळ्यांना सांगत होता, साहेब म्हणजे देवमाणूस, एकदाच काय तो शब्द फिरला त्यांचा. मी त्याच्या शेजारी बसून पापड मोडत होतो. गायकर अजून वांगणीलाच आहे. हे छापून आलं की मी स्वतः जाऊन त्याच्या हातात देणार आहे, मग तो मला काय म्हणायचं ते म्हणो. शब्द साडूंचा फिरला नव्हता. त्यांनी तो दिला होता, जनरल मॅनेजरांनी मान हलवली होती, आणि मी तो ऐकला होता.

साडूंना मला फार काही सांगायचं नव्हतं. तुम्ही बोलला होतात, मला चांगलं आठवत होतं, मी मुद्दाम लिहिलं नाही, मला माफ करा, एवढंच. कॅम्प चारहून बदलापूरपर्यंत रिक्षात बसून मी ते चार-पाच वेळा पुटपुटून पाहिलं होतं, रिक्षावाल्याने एकदा मागे वळून विचारलंही, "काय झालं काका?" त्या दुपारी ताई ट्रे घेऊन आल्या, साडूंनी डोळे उघडले, माझ्यासाठी कप पुढे सरकवला आणि वाट पाहत राहिले. मी एक घोट घेतला आणि ताईंना म्हटलं, चहा छान झालाय.